नाण्याला चिंच लावू नका

"ताई, आधी लखलखीत करून आणा, मग बोलू." मी नाणं दाखवायला नेलं त्या दुकानदाराने हे मला एकदा नाही, दोनदा सांगितलं. मुद्दाम सुरुवातीलाच लिहिते आहे, कारण पुढे तो चारचौघांत सांगत सुटला की बाईंनी हौसेने नाणं घासलं.

शिवराई आजेसासऱ्यांच्या बटव्यातली. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. महाराजांच्या नावाची ही तांब्याची नाणी पेशवाईतही पाडली जात होती, त्यामुळे शिवराई म्हणजे दुर्मीळच असं नाही. पण घडण बघावी लागते. 'छत्र' आणि 'पति' यांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, नंतरच्या काळातली. माझ्या नाण्यावर त्या रेघा नव्हत्या. शिवाय कडेचं ठिपक्यांचं वर्तुळ निम्म्याहून जास्त उमटलेलं. ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे काठ बहुधा कापलाच जातो.

घरी येऊन चिंच, मीठ आणि जुना टूथब्रश घेतला. दहा मिनिटांत ताटलीतलं पाणी गढूळ हिरवट झालं आणि काळपट तपकिरी नाणं घासलेल्या ताम्हणासारखं गुलाबी निघालं. मला आनंदच झाला.

दुसऱ्या दिवशी त्याने भिंग लावलं, नाणं दिव्याखाली तिरपं केलं आणि म्हणाला, "घासलंय. मोडीचा भाव." मी म्हटलं, तुम्हीच सांगितलंत. तर म्हणे, "मी पाण्याने धुवा म्हटलं होतं." पाण्याचं नावही त्याने घेतलं नव्हतं! वर लगेच, "राहू दे इथेच, दोनशे देतो." मोडीतलं नाणं दोनशेला कशाला हवं होतं याला? तिथेच मला कळायला हवं होतं.

कळलं ते रात्री. घासण्याआधी मुलीने मोबाइलवर फोटो काढला होता. फोटोतले ठिपके मोजले, अठरा भरले. नाण्यावर अकरा. 'राजा'चा शेवटचा काना फोटोत स्पष्ट होता, हातातल्या नाण्यावर नुसती सपाट जागा. बराच वेळ अंगठा फिरवत बसले.

जुन्या तांब्यावर चढलेला तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. ते तांब्याचंच ऑक्साइड असतं, आणि झिजलेल्या अक्षरांच्या कडा पुष्कळदा त्या थरातच टिकून असतात. आंबटाने थर विरघळतो, त्याच्याबरोबर अक्षरही जातं. ते परत आणता येत नाही.

म्हणून चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, रांगोळी यांतलं काहीही नाण्याला लावू नका. लक्ष्मीपूजनाचे चांदीचे रुपये दरवर्षी रांगोळीने घासणाऱ्या घरांनी तर हे आवर्जून वाचावं. माती फारच असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन-चार दिवस भिजवा, पाणी बदलत राहा, सुटेल तेवढीच माती बांबूच्या टूथपिकने हळूच काढा आणि टिपून वाळवा. पुसायचं नाही. तांब्यावर भुरभुरीत फिकट हिरवे डाग दिसले तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि जाणकाराला दाखवा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत नाणी ठेवू नका, काही वर्षांत त्यांच्यावर चिकट हिरवा लेप येतो. नाणं कडेने धरा. दमट जागा टाळा.

चांदीच्या रुपयांचा खरेपणा पडताळायला छोटा वजनकाटा घ्या. १९४०च्या आधीचा इंग्रजी रुपया साधारण ११.६६ ग्रॅम भरतो, वापरून झिजलेला असेल तर थोडा कमी. शंभर वर्षांहून जुनी नाणी कायद्याने पुरावस्तू ठरतात, परदेशातल्या भाच्या-पुतण्यांना ती पाठवता येत नाहीत.

नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, तिथलं संग्रहालय बघा. मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचंही आहे. जुनं नाणं कसं दिसायला हवं याची नजर तिथे तयार होते. मी हे सगळं नंतर केलं.

शिवराई मी त्याला दिली नाही. तुम्ही नाणं कुणाला दाखवायला नेणार असाल तर आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा, वजन लिहून ठेवा, आणि 'घासून आणा' म्हणणाऱ्या माणसाच्या दुकानातून नाणं घेऊन तसेच परत या.