सुप्रबुद्ध कुष्ठरोगी आणि आपले घर



परमपूज्य बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सुप्रबुद्ध नावाच्या कुष्ठरोग्याची कथा आहे. तो राजगृहात राहत असे. अंगात रोग, पोटात भूक. एके दिवशी त्याने लोकांचा जमाव पाहिला. इथे अन्न वाटत असतील या आशेने तो जवळ गेला. तेथे तथागत धम्म सांगत होते. तो ऐकत बसला. एवढ्या सभेत धम्म समजण्यास योग्य कोण, म्हणून तथागतांनी पाहिले, तेव्हा त्यांची दृष्टी याच्यावर थांबली. सुप्रबुद्ध उपासक झाला.

आळवीच्या भुकेल्या शेतकऱ्याची कथा याच्या जोडीने वाचावी. तथागतांनी त्याला आधी जेवू घालविले, मग उपदेश केला. म्हणजे भुकेल्याला अन्न हवेच. पण अन्न देऊन दूर बसविणे ही करुणा नव्हे. त्याला सभेत आपल्या बरोबरीची जागा हवी.

आमचे पवनार धाम नदीच्या काठी आहे. वर्ध्याजवळच दत्तपूर आहे. तेथे १९३६ साली मनोहर दिवाण यांनी कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. रोगी तेथे औषध घेत आणि शेतीही करीत. पुढे १९५१ साली वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले. या मंडळींचा आणि आपला विचार सर्वच बाबतींत एक नाही. तरी सेवेला सेवा म्हणावे. पण एक प्रश्न उरतो. रोग्याला गावाबाहेर वेगळी वसाहत का लागली? गावाने घराबाहेर काढले म्हणून लागली.

आता माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक मुलगी शाळेत येईनाशी झाली. घरी गेलो. आईच्या हातावर बधिर चट्टा होता. वस्तीतील बायांनी तिचा पाण्याचा गुंड वेगळा ठेवायला लावला होता. मुलीची शाळा सुटली, त्याबरोबर शाळेतले दुपारचे जेवणही सुटले. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. त्या माउलीने चहा पुढे केला आणि माझा हात क्षणभर थांबला. बी.ए. झालेला मी! माझ्या आजोबांना लोक वरून ओंजळीत पाणी वाढीत. तोच विटाळ मी मानीत होतो. मी चहा प्यालो, पण तो क्षण तिने पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी तिला आरोग्य केंद्रात नेले. बारा महिने औषध चालले. मुलगी शाळेत परतली. आता माउली पौर्णिमेला विहारात पुढच्या रांगेत बसते.

म्हणून हे नीट समजून घ्या. कुष्ठरोग मागील जन्माच्या पापाने होत नाही. तो जंतूने होतो. १८७३ साली हॅन्सन यांनी तो जंतू शोधला. बहुतेकांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची शक्ती असते. अंगावर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा दिसला तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते. चट्टे थोडे असल्यास सहा महिने, अधिक असल्यास बारा महिने ते घ्यावे. औषध सुरू झाले की रोग पसरण्याची भीती लवकरच संपते. उशीर केला तर मात्र नसा निकामी होतात. हाताला चटका बसला तरी कळत नाही, जखमा होतात, बोटे वाकतात. हे व्यंग रोगापेक्षा आपल्या भीतीमुळे येते, कारण भीतीमुळेच माणूस चट्टा लपवितो.

बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसे समान आहेत असे आपण मानले आहे. ती प्रतिज्ञा दीक्षाभूमीवर म्हणणे सोपे. पाण्याच्या गुंडाजवळ पाळणे कठीण.

या पौर्णिमेला घरातील सर्वांनी बसून विचार करावा :

१. आपल्या वस्तीत कोणाचे ताट-पेला वेगळे ठेवले आहे काय?
२. आजारामुळे कोणाचे मूल शाळेतून घरी बसले आहे काय?
३. त्या घरी उद्या आपल्यापैकी कोण जाईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाव घेऊन द्यावे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!