हातच्या कामाची वस्तू, एजवेअरच्या बजेटात

तांब्याची कळशी, सोलापुरी चादर, भक्कम लाकडी खुर्ची. लंडनच्या एजवेअरमध्ये घर लावताना हे सगळं हवंसं वाटतं, पण भाडं भरून झाल्यावर हातात फारसं उरत नाही. अशा वेळी वस्तू कुठल्या वाटेने घरी येणार, हे आधी ठरवा.

महाग वाट पार्सलची. भारतातून १०० पौंडांची वस्तू मागवली तर २० टक्के व्हॅट, म्हणजे निदान २० पौंड, शिवाय टपालखर्च. माल १३५ पौंडांच्या वर गेला की सीमाशुल्कही लागू शकतं. आईने भेट म्हणून पाठवलेलं ३९ पौंडांपर्यंतचं पार्सल करमुक्त असतं.

तेच सामान सुट्टीवरून येताना बॅगेत आणलं, तर माणशी ३९० पौंडांपर्यंत कर नाही. मर्यादा ओलांडली की मात्र कर वरच्या रकमेवर नव्हे, सगळ्या मालावर बसतो. बिलं जवळ ठेवा.

म्हणून तांब्याची खरेदी पुण्यात, कसबा पेठेतल्या तांबट आळीतच करावी. मठारकामाचे ठोके बोटाने चाचपा. हाताने मारलेले ठोके साच्यातल्यासारखे तंतोतंत एकसारखे नसतात. स्वयंपाकाचं तांब्याचं भांडं कल्हईशिवाय नको, आणि एजवेअरला कल्हईवाला दारावर येत नाही. तेव्हा पाण्याची कळशीच घ्या. तिला चिंच-लिंबू लावून घासलं की पुरे. सोलापुरी चादर उलटून पाहा. नक्षी दोन्ही बाजूंना हवी, रंग मात्र अदलाबदल झालेले. प्रवासात ती फुटायची भीती नाही आणि कळशीच्या पोटात रुमालासारखे लहान कपडे भरले की तीही चेपत नाही.

फर्निचर इथलंच, वापरलेलं घ्या. स्टेशन रोडवरच्या चॅरिटी शॉपमध्ये खुर्ची उलटी करून सांधे हलवून बघा, ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. लाकडाची रेघ कडेवरून पुढे जात असेल तर लाकूड भरीव. कडेला पट्टी चिकटवलेली दिसली तर सोडून द्या. १९२० साली सुरू झालेल्या अर्कोल या फर्निचर कंपनीच्या जुन्या बीच-एल्मच्या खुर्च्यांवर नजर ठेवा. सोफ्याला आगरोधकाचं कायमचं लेबल नसेल तर तो घेऊ नका. किंमत ठरवण्याआधी व्हॅनचं भाडं विचारा, नाहीतर स्वस्त कपाट घरी येईपर्यंत महाग होतं.

ब्रिटनमधल्या विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलेली वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत नको म्हणून कळवता येते. खास तुमच्या मापाने बनवून घेतलेल्या वस्तूला ही सवलत नाही, तेव्हा मापं दोनदा घ्या.