पक्षी उडाले की उडवले? : पाणथळ अभयारण्यातील अभ्यागत आणि सूचनेची भाषा

प्रास्ताविक

कार्यालयीन सूचना आणि परिपत्रके यांच्या भाषेचा परिचय तुम्हाला आहेच. या घटकात आपण सूचनेच्या एका वेगळ्या प्रकाराकडे वळणार आहोत. निसर्गस्थळी येणाऱ्या अभ्यागतासाठी लिहिलेला फलक किंवा माहितीपत्रक, हा तो प्रकार. कार्यालयातील सूचना वाचकापर्यंत नीट पोचली नाही तर एखादा अर्ज अडतो. येथे ती पोचली नाही तर एखाद्या पक्ष्याचे त्या दिवसाचे पोट भरत नाही. म्हणून असा मजकूर लिहू पाहणाऱ्याला भाषेइतकीच त्या स्थळाचीही जाण हवी. आधी आपण स्थळ समजून घेऊ आणि मग भाषेकडे येऊ.

१. ठाणे खाडी : स्थळ आणि त्याचे घड्याळ

मुंबई आणि नवी मुंबई यांच्यामध्ये पसरलेल्या ठाणे खाडीचा एक भाग महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून घोषित केला. त्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर असून निम्म्याहून थोडे अधिक कांदळवन आणि उरलेले पाणी व चिखल आहे. २०२२ मध्ये या खाडीचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतरचे हे राज्यातील तिसरे रामसर स्थळ होय. ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होडीने खाडीत जाता येते.

फ्लेमिंगोला मराठीत ‘रोहित’ आणि ‘अग्निपंख’ अशी दोन सुंदर नावे आहेत. ‘रोहित’ म्हणजे तांबडा. अभयारण्याच्या अधिकृत नावात मात्र इंग्रजी शब्दच राहिला, याची रुखरुख भाषेच्या अभ्यासकाला वाटल्याखेरीज राहत नाही. खाडीत मोठा रोहित आणि छोटा रोहित असे दोन्ही येतात; संख्या छोट्याची अधिक. हिवाळ्याच्या सुमारास थवे येऊ लागतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर बहुतेक परततात. डोके खाली करून, चोच उलटी पाण्यात धरून हा पक्षी गाळणीसारखे पाणी गाळतो आणि त्यातले सूक्ष्म शैवाल खातो. त्याचा गुलाबी रंग या अन्नातूनच येतो. थव्यात काही करडे पक्षी दिसतात. ते आजारी किंवा मळलेले नसून वयाने लहान असतात.

आता घड्याळाविषयी. येथील पक्ष्यांचा दिवस सूर्यापेक्षा चंद्रावर अधिक चालतो. ओहोटीला चिखल उघडा पडला की रोहित, शेकाटे, तुतवार आणि इतर चिखलपक्षी चरायला उतरतात. भरतीचे पाणी चढले की त्यांचे ताट झाकले जाते. मग रोहितांचे थवे नेरूळच्या बाजूच्या तळ्यांसारख्या उथळ जागी विसाव्याला जातात. कोळीवाड्यांतील जुन्या ढोबळ हिशेबाप्रमाणे तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ मिळते : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. खाडीत जसजसे आत जावे तसतशी ही वेळ थोडी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणात चिखल अधिक दूरवर उघडा पडतो, तर भांगाच्या दिवसांत कमी.

हे गणित येथे सांगण्याचे कारण असे की अभ्यागताने घडवलेल्या व्यत्ययाची किंमत त्यावरून कळते. माणसाचे जेवण मध्येच राहिले तर तो तासाभराने पुन्हा पानावर बसू शकतो. पक्ष्याचे पान मात्र तोवर पाण्याखाली गेलेले असते. त्यातून मार्च-एप्रिलमध्ये अनेक चिखलपक्षी परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवत असतात. हजारो किलोमीटरच्या त्या प्रवासाची शिदोरी म्हणजे हाच चिखल.

२. एका प्रत्ययाचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी मी एका खाडीत होडीतून गेलो होतो. समोर रोहितांचा मोठा थवा चरत होता. एका सहप्रवाशाने नावाड्याला होडी आणखी पुढे घ्यायला सांगितले. दुसऱ्याने टाळ्या वाजवल्या. थवा काही पावले पाण्यावरून धावला आणि उठला, आणि पंखांच्या आतला लाल-काळा रंग एकदम उघडला. “उडाले, उडाले!” असा गलका झाला. सर्वांचे मोबाइल वर गेले. माझाही गेला, हे येथे नमूद केले पाहिजे. परत येताना मनात राहिले ते क्रियापद.

‘उडणे’ हे अकर्मक क्रियापद. ‘पक्षी उडाले’ या वाक्यात पक्षी हा कर्ता आहे; क्रिया त्याची, इच्छाही त्याचीच असे वाक्य सुचवते. ‘उडवणे’ हे त्याचे प्रयोजक रूप. ‘आम्ही पक्षी उडवले’ या वाक्यात पक्षी कर्म होतो आणि कर्त्याच्या जागी आपण येतो. प्रसंग तोच, पण एका प्रत्ययाने जबाबदारीची जागा बदलते. मराठीत ‘पैसे उडवणे’ असाही प्रयोग आहे, तो आठवावा. पक्ष्याने ओहोटीभर चरून जमवलेली शक्ती आपण अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीसाठी त्याच अर्थाने उडवतो. एका होडीने एकदा उडवले तर कदाचित निभावते. परंतु त्याच थव्यापाशी सकाळपासून पाच होड्या येऊन गेल्या असतील, तर सहाव्या होडीतल्या माणसाला आधीच्या पाचांची कल्पना नसते.

कायद्याची भाषा या बाबतीत बोलीपेक्षा सावध आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेची व्याप्ती मारणे आणि पकडणे यांपुरती नाही. वन्यप्राण्याला हाकणे, आमिष दाखवणे, तसेच पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे यांचाही तीत समावेश आहे. अभयारण्यात प्राण्याला त्रास देणे आणि कचरा करणे यांस स्वतंत्र मनाई आहे. टाळी वाजवणारा प्रत्येक जण शिकारी ठरतो, असा याचा अर्थ नव्हे. पण कायद्याने या कृतींची नावे घेतली आहेत, आपण ती घेत नाही.

मग अभ्यागताने अंतर किती ठेवावे? मीटरमध्ये दिलेला आकडा होडीत बसलेल्या माणसाच्या उपयोगी पडत नाही. पाण्यावर अंतराचा अंदाज चुकतो. त्याऐवजी पक्ष्याकडे पाहावे. चरणाऱ्या पक्ष्यांची डोकी खाली असतात. एकामागून एक माना वर येऊ लागल्या, खाणे थांबले, थवा एका दिशेने चालू लागला, तर आपण फार जवळ आलो आहोत. होडी तेथेच थांबवावी किंवा हळूच मागे घ्यावी. निघण्यापूर्वीच नावाड्याला सांगून ठेवावे की आम्हांला जवळ न्यायचे नाही, दुर्बीण आणली आहे. नावाडी बहुधा प्रवाशांना खूश करण्यासाठीच पुढे जातो. जवळ नेल्याबद्दल वरचे पैसे देणारे प्रवासीच त्याला ती सवय लावतात. ड्रोनविषयी वेगळे सांगायला नको; डोक्यावर घरघरणारी वस्तू पक्ष्याला शिकारी घारीपेक्षा निराळी का वाटावी?

३. पुण्याची क्रियापदे

त्रास देणाऱ्याला समजावणे तुलनेने सोपे असते. पुण्य करणाऱ्याला समजावणे अवघड. हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर आणि होड्यांतून कुरवांना शेव-गाठ्या टाकणारी कुटुंबे तुम्ही पाहिली असतील. ‘खाऊ घालणे’ या क्रियापदात आपल्याकडे आई आहे, अतिथी आहे, श्राद्धाचा कावळाही आहे. त्यामुळे ‘पक्ष्यांना खाऊ घालू नये’ हे वाक्य वाचकाला जवळजवळ निर्दय वाटते. येथे नुसती मनाई चालत नाही. कुरव मासे आणि किनाऱ्यावरचे बारीक जीव खाणारा पक्षी आहे. तळलेले, खारवलेले बेसन हे त्याचे अन्न नव्हे, हे सांगावे लागते. उरलेसुरले खाद्य कावळे आणि भटके कुत्रे यांना किनाऱ्याकडे ओढते आणि तेच कुत्रे पुढे चिखलावरच्या पक्ष्यांमागे धावतात.

‘विसर्जन करणे’ हे असेच दुसरे क्रियापद. खाडीवरच्या पुलावरून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले निर्माल्य सोडणाऱ्याला आपण ‘कचरा टाकतो’ आहोत असे वाटतच नाही. त्याच्या शब्दकोशात त्या दोन क्रिया वेगळ्या आहेत. पिशवी मात्र भरतीबरोबर कांदळवनात शिरते आणि चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांना गुंडाळून बसते. ही मुळे म्हणजे तिवराची नाके. त्यांवर पाय देऊन छायाचित्रे काढणारेही काही कमी नाहीत. लाकडी वाट सोडू नये, ती याचसाठी.

४. ‘नये’, ‘नका’ आणि कारण

फलकावरची तीन वाक्ये पाहा. ‘पक्ष्यांच्या जवळ जाण्यास सक्त मनाई आहे.’ ‘पर्यटकांनी पक्ष्यांच्या जवळ जाऊ नये.’ ‘पक्ष्यांच्या जवळ जाऊ नका.’ पहिल्यात ना मनाई करणारा दिसतो, ना जाणारा. दुसऱ्यातील ‘नये’ हे अनियमित क्रियापद कर्त्याला तृतीयेत ठेवते आणि नियम सर्वांसाठी सांगते. वाचणाऱ्याला तो ‘इतर पर्यटकां’साठी आहे असे सहज वाटू शकते. ‘नका’ मात्र समोरच्याशी बोलते. माझ्या मते दंडाच्या फलकावर ‘नये’ शोभते, माहितीपत्रकात ‘नका’. आणि दोन्ही ठिकाणी कारणावाचून काम अपुरे राहते. ‘होडी येथेच थांबू द्या. पक्षी जेवत आहेत; थोड्या वेळाने भरती त्यांचे ताट झाकील.’ या मजकुरात एकही नकार नाही, तरी करायचे काय ते कळते.

जाळ्यात किंवा मांज्यात अडकलेला पक्षी दिसल्यास स्वतः ओढून सोडवू नका; ओढल्याने पंख दुखावतो. जागा नीट लक्षात ठेवा आणि केंद्रातील कर्मचाऱ्यांना किंवा वनविभागाच्या १९२६ या मदतवाहिनीवर कळवा. पाहिलेल्या पक्ष्यांची दिनांक, वेळ आणि भरती-ओहोटीसह नोंद ठेवली तर ती पुढे अभ्यासकांच्या उपयोगी पडते. घरटे आढळल्यास मात्र त्याचा ठिकाणा समाजमाध्यमांवर लिहू नका. तो वाचून दुसऱ्या दिवशी तेथे वीस कॅमेरे उभे राहतात.

स्वाध्याय

(अ) पुढील वाक्यांतील क्रियापदे अकर्मक की प्रयोजक ते सांगा. जेथे करणारा लपला आहे तेथे वाक्य त्याच्यासह पुन्हा लिहा : ‘खाडीत प्लास्टिक साचले.’ ‘घरटे मोडले.’ ‘नावाड्याने थवा उठवला.’ ‘किनाऱ्यावर कुत्रे वाढले.’

(आ) कुरवांना गाठ्या घालणाऱ्या आजोबांना त्यांच्या नातीने समजावले आहे, असा आठ-दहा वाक्यांचा संवाद लिहा. आजोबांचा हेतू चांगला आहे, हे संवादात दिसले पाहिजे.

(इ) तुमच्या जवळच्या खाडीला, तळ्याला किंवा धरणाच्या फुगवट्याला भेट द्या. अर्धा तास एका जागी बसून पक्ष्यांच्या माना केव्हा वर येतात आणि कशामुळे, याची नोंद करा. त्या नोंदीच्या आधारे त्या जागेसाठी चाळीस शब्दांचा फलक लिहा.