अर्ध्या बाटलीचा दाखला

आमच्या विहिरीचं पाणी कधी गढूळ झालं नाही. तेच आम्हाला नडलं.

पाच परस खोल, दगडी बांधणीची ही मळ्यातली विहीर. दोन शेतं वर औद्योगिक वसाहतीचं कुंपण, खाली उताराला अर्ध्या मैलावर गावतळं. कुंपणापलीकडच्या एका कारखान्यात लोखंडी सुटे भाग धुतात. तिथं कामाला जाणारा पुतण्या सांगायचा, "नाना, भागावरचं ऑइल टीसीईनं काढतात. पेट्रोलसारखं भुर्रकन उडतं." टीसीई म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन. वापरून काळं झालेलं टीसीई ड्रममध्ये भरून मागच्या भिंतीशी ठेवत. ड्रम गंजलेले, भिंतीलगतचा मुरूम ओला. उडून जाणारंच ते, जमिनीत राहणार किती, असं मीही धरून चाललो.

एका मार्चमध्ये सौ. म्हणाली, "पाण्याला गोडसर वास येतोय." मी शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. कळशी नाकाशी नेली, मला काही जाणवलं नाही. तरी पंचायतीच्या शिपायाकडून टीसीएल पावडर आणून विहिरीत टाकली. आता क्लोरीनचाच वास सुटला आणि तिची तक्रार त्यात बुडाली. टीसीएलनं जंतू मरतात, टीसीईचं काही बिघडत नाही, हे मला कळायला दीड वर्ष गेलं.

मग पाणी तपासायला दिलं. क्षार, कठीणपणा, जंतू सगळं मर्यादेत. शेरा, 'पिण्यास योग्य'. पुतण्या म्हणाला, "नाना, टीसीई तपासा म्हणून सांगितलंत का?" नव्हतं सांगितलं. पुन्हा नमुना घेतला, कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत, अर्धी बाटली. एप्रिलचं ऊन, एसटीची खिडकीची जागा, तीन तासांचा प्रवास. प्रयोगशाळेतली मुलगी बाटली पाहून काहीतरी सांगत होती, पण मला परतीची गाडी गाठायची होती. अहवाल आला, 'आढळले नाही'. तळाशी बारीक अक्षरात होतं, 'नमुना ग्राहकाने आणून दिलेला'. तो कागद मी ग्रामसभेत वाचून दाखवला. गाव निवांत झालं. अर्ध्या बाटलीच्या त्या दाखल्यानं आमचं वर्ष खाल्लं.

त्याच वर्षी विहिरीपासून वीस पावलांवर मी सव्वादोनशे फूट बोअर मारली. वरचं पाणी बिघडलंच असेल तर खालचं चांगलं लागेल, हा हिशेब. केसिंग मुरूम संपेपर्यंतच, वीस फूट. खाली सगळं उघडं. आमच्याकडे हातभर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि काळा पाषाण. या खडकात पाणी गाळून निघत नाही, भेगांतून धावतं. टीसीई पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड. ते पाण्यावर तरंगत नाही, भेग मिळेल तसं खाली उतरत जातं. खालच्या पाण्याकडे जायला त्याला मी स्वतःच्या पैशानं जिना बांधून दिला होता.

खरं काय ते तिसऱ्या नमुन्यानं सांगितलं. तो रीतसर घेतला होता. विहीर आणि बोअर, दोन्हींत टीसीई निघालं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. मी वहीवर गणित मांडलं. एक लिटर टीसीई सुमारे २९ कोटी लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये या द्रवाला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलं. मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न शहराच्या दोन सार्वजनिक विहिरी तर त्याच्यापायी १९७९ मध्येच बंद झाल्या होत्या. ज्ञान जगात होतं, माझ्या मळ्यापर्यंत आलं नव्हतं.

आता काळजी तळ्याची. उन्हाळ्यातही तळ्याच्या वरच्या काठाला झरे पाझरतात, याचा गावाला केवढा अभिमान! तळ्याकडच्या सहा विहिरींत आम्ही दगड बांधलेली दोरी सोडून पाणी काठापासून किती खाली ते मोजलं. गवंड्याच्या लेव्हल नळीनं काठांचे चढउतार काढायला दोन दिवस लागले. पाण्याच्या पातळ्या कागदावर मांडल्या, तर उतार सरळ तळ्याकडे. त्या झऱ्यांचं पाणी आमच्याच खडकातून जातं. 'मासे तर जिवंत आहेत' असं म्हणून कुणी समाधान मानू नये. उघड्या पाण्यावरून टीसीई हवेत उडतं, जमिनीखाली त्याला उडायला वाव नसतो.

माझ्यासारखी वेळ कुणावर येऊ नये म्हणून चार गोष्टी सांगतो.

तपासणीला देताना 'सॉल्व्हंट, म्हणजे व्हीओसी तपासा' असं लेखी द्या. जे विचारत नाही, ते अहवाल सांगत नाही. बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या, काचेची, घट्ट झाकणाची. काठोकाठ भरा, झाकण लावून उलटी करा. आत बुडबुडा दिसला तर पुन्हा भरा. बर्फात ठेवून लगेच पोचवा. विहिरीतलं वरचं पाणी घेऊ नका, खोलातलं घ्या.

वासावर विसंबू नका. वास येतो तेव्हा प्रमाण मर्यादेच्या पुष्कळ पुढे गेलेलं असतं. पाणी उकळलंत तर टीसीई वाफेबरोबर स्वयंपाकघराच्या हवेत येतं. कोळशाचा फिल्टर ते धरतो, पण भरला की सोडून देतो. संशय आला की पिण्याचं पाणी आधी बदला, वाद मागाहून घाला.

घाईनं बोअर मारू नका. जोराचा उपसा लांबचं दूषित पाणी ओढून आणतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातल्या भूवैज्ञानिकाला आधी शिवार दाखवा.

तारखा लिहून ठेवा. वास कधी आला, ड्रम कुठं होते, फोटो कधीचा, सगळं. प्रदूषण नियंत्रण मंडळाला अर्ज देऊन पोच घ्या आणि नमुना पंचांसमक्ष घ्यायला लावा. हरित लवादाकडे जायची मुदत कारण घडल्यापासून सहा महिन्यांची, भरपाईसाठी पाच वर्षांची. माझे सहा महिने त्या 'आढळले नाही'च्या कागदावर गेले.

आणि घरातल्या बाईनं पाण्याला वास येतो म्हटलं, तर आपलं नाक मध्ये आणू नका. दिवसातून दहा वेळा पाणी तिच्या हातून जातं.

आमची विहीर आजही नितळ आहे. दुपारी उन्हात तळाचा दगड न् दगड दिसतो. पितो मात्र टँकरचं पाणी.