होतकरू फुटबॉलपटूंची पारख : एक अभ्यास

धान्याच्या घाऊक व्यापारात आयुष्य घालविलेल्या माणसाने फुटबॉलविषयी लिहावे, हे काही सभासद बंधूंस चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. परंतु गेल्या काही वर्षांत पेडणे व डिचोली तालुक्यांतील आपल्या व्यापारी कुटुंबांतून, तसेच आपल्या वखारींवर राबणाऱ्या हमाल बंधूंच्या घरांतूनही, एकच प्रश्न वरचेवर आमच्या कानी येऊ लागला आहे. मुलगा चेंडू चांगला खेळतो. शाळेचे मास्तर म्हणतात, पुढे जाईल. मग कोणी गृहस्थ घरी येऊन करारपत्राच्या गोष्टी बोलू लागतो. अशा वेळी मुलाच्या अंगी खरोखर किती आहे हे घरच्यांनी कसे ओळखावे? या प्रश्नाचा जो थोडाबहुत अभ्यास आम्ही केला, तो येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गोव्यात हा खेळ आणला तो १८८३ साली फादर विल्यम लायन्स या इंग्रज पाद्र्याने शिवोली येथे, असे मानले जाते. शिवोलीच्या पलीकडचा नदीकाठ म्हणजे पेडणे तालुका. तथापि मधल्या एका नदीने पुष्कळ अंतर पाडले. बार्देश व सासष्टी येथे गावोगाव मैदाने व क्लब झाले. नव्या काबिजादींत मात्र हा खेळ उशिरा रुजला. डिचोलीचे नशीब त्यातल्या त्यात बरे. १९९९ साली साखळी येथे, खाणकाम संपलेल्या जागेवर, सेझा फुटबॉल अकादमी उभी राहिली. त्या अकादमीत घडलेला आदिल खान पुढे भारताच्या संघात खेळला आणि १५ ऑक्टोबर २०१९ रोजी कलकत्त्यास बांगलादेशाविरुद्ध सामना संपण्यास दोनच मिनिटे उरली असता त्याने डोक्याने गोल करून बरोबरी साधून दिली. म्हणजे आपल्या परिसरातूनही वाट जाते, हे सिद्ध झालेलेच आहे. त्या वाटेवर कोणाला धाडावे आणि केव्हा, हाच काय तो प्रश्न.

तरुण खेळाडूंच्या पारखीचे शास्त्र सर्वांत अधिक कोणी केले असेल तर ते अमेरिकनांनी. त्यांचा फुटबॉल निराळा. तो हातांनी अधिक व पायांनी कमी खेळतात. तेथे महाविद्यालयांतून तयार झालेले खेळाडू धंदेवाईक संघ दरवर्षी पाळीपाळीने निवडतात, आणि आदल्या वर्षी जो संघ सर्वांत दुबळा ठरला त्यास पहिली पाळी मिळते. १९३६ पासून ही पद्धत चालू आहे. निवडीपूर्वी मुलांना एकत्र बोलावून प्रत्येकाची उंची, वजन, उडी आणि चाळीस यार्डांची धाव घड्याळ लावून मोजतात. सुमारे १०२ किलोचे वजन उताणे निजून किती वेळा उचलले, तेही टिपून ठेवतात. इतकी काटेकोर मोजदाद होऊनही २००० सालच्या निवडीत मिशिगन विद्यापीठाचा टॉम ब्रेडी १९९ व्या क्रमांकावर उचलला गेला. चाळीस यार्ड धावण्यास त्याला ५.२८ सेकंद लागले होते, आणि त्याच्याच जागी खेळणारे सहाजण त्याच्या आधी निवडले गेले. पुढे त्याने सात वेळा अंतिम विजेतेपद मिळविले. धावण्याचा वेग घड्याळाने मोजता आला. अंगावर चाल करून येणाऱ्या माणसांच्या गर्दीत शांतपणे निर्णय घेण्याची त्याची शक्ती कोणत्याच यंत्रात सापडली नाही.

व्यापाऱ्यास अधिक बोधप्रद वाटेल अशी गोष्ट पुढेच आहे. केड मॅसी व रिचर्ड थेलर (थेलर यांस २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले) या दोघांनी या निवडीचा जमाखर्च तपासला आणि आपले निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध केले. पहिल्या काही क्रमांकांसाठी संघ जी किंमत मोजतात ती खेळाडूकडून मिळणाऱ्या लाभाच्या मानाने फार जास्त असते, आणि खरा किफायतीचा माल दुसऱ्या फेरीच्या आसपास मिळतो, असे त्यांस आढळले. एकाच जागी खेळणाऱ्या दोघांपैकी आधी निवडलेला हा नंतरच्यापेक्षा सरस ठरण्याचा संभव निम्म्याहून जेमतेम थोडा अधिक निघाला. आम्हांस हे वाचून नवल वाटले नाही. हंगामाच्या पहिल्या पोत्याला मुहूर्ताचा भाव मिळतो तो दाण्याच्या गुणामुळे नव्हे, हे बाजारात बसणारा प्रत्येकजण जाणतो.

आपल्याकडेही अशी पद्धत काही काळ चालली. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मुंबईत भारतीय खेळाडूंची अशीच पाळीपाळीने निवड झाली. पुढल्या वर्षी लिलावही झाला आणि सुनील छेत्री याला मुंबईच्या संघाने १ कोटी २० लाखांस घेतले. २३ जुलै २०१७ रोजी अशी आणखी एक निवड झाली. त्यानंतर संघ खेळाडूंशी थेट करार करू लागले. म्हणून आज आपल्या मुलांची पारख होते ती अकादमीच्या मैदानावर, वयोगटांच्या स्पर्धांत, शाळा-महाविद्यालयांच्या सामन्यांत आणि बहुधा एखाद्या दुपारच्या चाचणीत. या शेवटच्या प्रकाराविषयीच आम्हांस विशेष सांगावयाचे आहे.

धान्याची गाडी दारात उभी राहिली की आपण पोत्यास परखी लावतो. जाणता माणूस एकाच पोत्यास एकाच जागी परखी लावून सौदा करीत नाही. वरचा माल पाहतो, मधला पाहतो, तळाचा पाहतो. दाणा दाताखाली फोडून ओल पाहतो. आणि तरीही पुढे वांधा निघतो तो निघतोच. मग हरमल किंवा कोरगाव येथून पहाटेची बस धरून म्हापशास किंवा मडगावास आलेल्या, दोनशे मुलांत उभा केलेल्या आणि वीस मिनिटे खेळविलेल्या मुलाविषयी निकाल कसा द्यावा? त्या वीस मिनिटांत चेंडू त्याच्याकडे चार वेळा येणार. त्यातही जो धिप्पाड, तो डोळ्यांत भरणार.

या धिप्पाडपणाचेच थोडे विवेचन केले पाहिजे, कारण येथेच सर्वांत अधिक अन्याय होतो. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीत जन्मलेला मुलगा व त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात; वस्तुतः त्यांच्यात जवळजवळ वर्षाचे अंतर असते, आणि बाराव्या-तेराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे थोडे नव्हे. अनेक देशांच्या कुमार संघांच्या याद्या तपासल्या असता वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेली मुले प्रमाणाबाहेर अधिक आढळली. परमेश्वराने कौशल्य जानेवारीतच वाटले असे कोणी म्हणणार नाही. त्यातच मुलांची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ सर्वसाधारणपणे तेरा-चौदाव्या वर्षी येतो, परंतु एखाद्यास तो दोन वर्षे आधी येतो तर एखाद्यास दोन वर्षे मागाहून. आधी वाढलेला मुलगा केवळ खांद्याच्या बळावर गोल करतो व शाबासकी मिळवितो. इतर मुले वाढून त्याच्या बरोबरीस आली की त्याचे भांडवल सरते, कारण चेंडू काबूत ठेवण्याची त्याला गरजच पडलेली नसते. मागाहून वाढणारा मुलगा तोवर डोक्याने खेळावयास शिकलेला असतो, पण तितका काळ त्याला मैदानावर टिकू दिले तरच. यास्तव पालकांनी मुलाची उंची दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर खूण करून तारखेसह लिहून ठेवावी. झपाट्याने वाढीच्या काळात मुलगा अडखळतो, गुडघ्याखालचे हाड दुखते, खेळ उतरल्यासारखा दिसतो. त्या सहा-आठ महिन्यांत त्याच्याविषयी कोणताच निर्णय घेऊ नये.

जन्मतारीख फिरविण्याचा प्रकारही आपल्या देशात घडतो, हे लपविण्यात अर्थ नाही. जुना माल नव्यात मिसळून विकण्यासारखाच हा व्यवहार, आणि त्यात कोणा दुसऱ्या मुलाची जागा जाते. आता मनगटाच्या हाडांची तपासणी करून वय अजमावतात. २००९ साली नायजेरियात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून जागतिक संघटनेने त्यासाठी चुंबकीय चित्रणाचा अवलंब केला. पकडला गेलेला मुलगा बंदीस पात्र होतो आणि कागद करणारा बाप घरी राहतो.

मग पाहावयाचे तरी काय? पहिली गोष्ट, मुलाच्या पायांकडे न पाहता त्याच्या मानेकडे पाहावे. चेंडू आपल्याकडे येण्यापूर्वी तो उजवीडावीकडे किती वेळा मान वळवितो? नॉर्वेचे प्राध्यापक गेइर योर्देत यांनी इंग्लंडमधील अव्वल खेळाडूंच्या चित्रफिती तपासल्या, तेव्हा जे वारंवार मान वळवून पाहत होते त्यांचे चेंडू सहकाऱ्याकडे अधिक अचूक पोचत असल्याचे दिसून आले. ज्यास चेंडू मिळाल्यावर विचार सुरू करावा लागतो तो वरच्या पायरीवर टिकत नाही. दुसरी गोष्ट, चेंडू गमावल्यानंतरचे पाच क्षण: मुलगा कमरेवर हात ठेवून पंचाकडे पाहतो की परत धावतो? तिसरी, शेवटची पंधरा मिनिटे. दमलेला मुलगाच आपले खरे रूप दाखवितो. चेंडूवरील पहिला स्पर्श पाहावा, दुबळ्या पायाने तो काय करतो हे पाहावे, आणि संघ हरत असताना त्याचे सहकारी चेंडू त्याच्याकडे देतात की टाळतात हेही पाहावे. मुलांची आपापसांतील पारख मोठ्यांहून सहसा खरी असते.

कापणी झालेल्या शेतात खेळलेल्या मुलाविषयी दोन शब्द. भात निघाल्यावर आपल्याकडची मुले त्याच मळ्यांत खेळतात. तेथे चेंडू कोठेही उसळतो, म्हणून मुलाचा पाय चपळ व नजर सावध होते. परंतु सपाट हिरवळीवर लांबचा पास वेगाने घेण्याची सवय त्याला नसते. प्रथमच तशा मैदानावर उतरलेल्या मुलाचा चेंडू पायातून निसटला तर तो मैदानाचा दोष समजावा आणि त्यास दोन महिने द्यावेत. गोलरक्षकास तर याहूनही अधिक अवधी द्यावा, कारण ती जागाच उशिरा पिकणारी आहे.

आहाराविषयी आपल्या घरांतून हटकून विचारणा होते. डाळी, कडधान्ये, शेंगदाणे, दूध व दही यांवर मुलाची शक्ती उत्तम राहू शकते. वसतिगृहात त्या पुरेशा मिळतात की नाही, हे मुलास पाठविण्यापूर्वी स्वतः जाऊन पाहावे.

एका सभासद बंधूंनी मध्यंतरी आम्हांस विचारले, ‘‘शेठ, पोराला कॉलेज सोडायला सांगतात. काय करू?’’ आम्ही उलट विचारले, ‘‘करार किती वर्षांचा, आणि पाय मोडला तर पगार कोण देणार?’’ त्यांस ठाऊक नव्हते. ‘‘मग आधी कागद मागा, भाऊ. कॉलेजचे मग पाहू.’’ या धंद्याची स्थिती डोळ्यांआड करून चालणार नाही. धेंपो क्लबने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा जिंकले, साळगावकर व चर्चिल ब्रदर्स यांनी प्रत्येकी दोनदा. तरीही २०१६ साली धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग या तीन क्लबांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले आणि कित्येक गोमंतकीय खेळाडूंस नवी जागा शोधावी लागली. २०२५ च्या जुलैत इंडियन सुपर लीगचा येणारा हंगामच स्थगित झाल्याचे जाहीर झाले व पुढे काही क्लबांनी पगार थांबविले. दोष खेळाडूंचा नव्हता. विर्नोड्याचे सरकारी महाविद्यालय किंवा डिचोलीचे झांट्ये महाविद्यालय सांभाळून मुलास सकाळ-संध्याकाळ सराव करता येतो. पदवी हाती असली म्हणजे गोल कमी होतात असे आम्ही कोठे वाचलेले नाही.

करारासंबंधी काही नियम घरोघर ठाऊक असावेत. जागतिक संघटनेच्या नियमानुसार अठरा वर्षांखालील खेळाडूस तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या धंदेवाईक करारात बांधता येत नाही. आई-वडिलांच्या लेखी संमतीवाचून दलालास अशा मुलाशी बोलणी करता येत नाहीत, आणि दलालाकडे परवाना असावा लागतो. चाचणीसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्यास चहा पाजून वाटेस लावावे.

आता आपल्या सभासदांकरिता एक सूचना. आपल्यापैकी पुष्कळजण गावच्या स्पर्धांना ढाली व रोख बक्षिसे देतात. स्पर्धा दोन आठवड्यांत संपते. ढाल कपाटात जाते. त्याऐवजी तालुक्यातील एखाद्या निवृत्त क्रीडाशिक्षकास थोडे मानधन देऊन दोन पूर्ण हंगाम तीस-चाळीस मुलांची चोपडी ठेवण्यास सांगावे: जन्मतारीख, उंची, कोणत्या सामन्यात किती मिनिटे, कोणत्या जागी, शेवटच्या पंधरा मिनिटांत काय केले, दुखापत केव्हा व कशी. अशी चोपडी घेऊन अकादमीच्या दारात गेलेला मुलगा वीस मिनिटांच्या चाचणीवर अवलंबून राहत नाही. शिवाय यात गावच्या क्लबाचाही हिशेब आहे. खेळाडू करार चालू असता एका देशातून दुसऱ्या देशाच्या क्लबाकडे रक्कम देऊन गेला, तर त्या रकमेचे पाच टक्के, त्याच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या क्लबांनी त्याला घडविले त्यांच्यात वाटले जातात. मात्र त्या काळात मुलाचे नाव क्लबाने रीतसर नोंदविलेले असले पाहिजे. पेडणे व डिचोली येथील किती क्लब आपल्या बारा वर्षांच्या मुलांची अशी नोंदणी करतात, याची विचारपूस संघाच्या कार्यकारिणीने येत्या पावसाळ्यापूर्वी करावी.