कुंभारकामाची हत्यारे आणि परदेशचा प्रवासी

लालबाग-परळच्या मूर्तिशाळांत पावसाळ्याच्या तोंडावर पाऊल टाकले की मूर्तिकाराच्या हाताशी असलेला कोरण्यांचा जुडगा प्रथम नजरेत भरतो. त्यांतील बऱ्याच कोरण्या त्याने स्वतःच घडविलेल्या असतात. कोणी बांबू तासून, कोणी छत्रीच्या काडीपासून, तर कोणी करवतीच्या मोडक्या पात्यापासून. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये मूर्तिविसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केल्यापासून शाडूच्या मातीकडे पुन्हा लक्ष वेधले गेले आहे. शाडू सुकताना आकसते, तिला तडे जातात. बोटांची नखे, डोळ्यांच्या पापण्या यांचे रेखीव काम माती ओलसर असतानाच उरकावे लागते. तेथे बोथट हत्यार कामाचे नाही. शाळांतील हस्तव्यवसायाच्या शिक्षकांनाही हीच अडचण जाणवते.

गिरगाव-दादरच्या बहुतेक कुटुंबांतील कोणी ना कोणी आज परदेशी असते. साहजिकच “येताना चांगली हत्यारे आण” असा निरोप जातो. प्रस्तुत लेखकानेही परळच्या एका शेजाऱ्यांसाठी भाच्याला असाच निरोप धाडला होता. भाच्याने मोठ्या शहरातील एका चित्रसाहित्याच्या दुकानातून मुलांच्या खेळण्याचा प्लॅस्टिकचा संच आणला! दोष भाच्याचा नव्हता. निरोपच मोघम होता.

ही हत्यारे राजधान्यांपेक्षा कुंभारांच्या गावी शोधावीत. इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट हे सहा गावांचे मिळून झालेले शहर असून, त्यांपैकी बर्स्लेम येथे जोसाया वेजवुड यांनी १७५९ मध्ये आपला कारखाना काढला. त्या परंपरेतील एक हत्यार म्हणजे काजूगराच्या आकाराची पातळ, लवचिक पोलादी पट्टी. तिला तेथे ‘किडनी’ म्हणतात. मूर्तीचा गाल किंवा पोट गुळगुळीत करण्यास तिच्यासारखे साधन नाही. जपानमध्ये नागोयाला उतरणाऱ्या प्रवाशाला तर फार शोधाशोध करावी लागत नाही. तेथील विमानतळच मुळी तोकोनामे या जुन्या कुंभारनगरीच्या किनाऱ्यालगत, समुद्रात भराव घालून बांधलेला आहे. वाडग्याचा आतला उतार साधणारी गाईच्या जिभेसारखी लाकडी पट्टी आणि ‘तोंबो’, म्हणजे चतुर, या नावाचे खोली व तोंड एकाच वेळी मोजणारे बांबूचे माप, ही तिकडची खास साधने होत. चाकावर काम करणाऱ्यांनी मात्र एक पथ्य पाळावे. जपानी चाक बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, युरोपातील त्याच्या उलट. त्यामुळे भांड्याचे बूड तासण्याच्या हत्याराची धार कोणत्या बाजूस आहे हे पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

मुंबईला ही देवाणघेवाण नवी नाही. सर ज. जी. कला शाळेत १८७० च्या दशकात जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी कुंभारकामास चालना दिली, तेव्हा सिंधमधून कारागीरच येथे आणविण्यात आले. त्यांच्याबरोबर त्यांची कामाची रीतही आली. दक्षिण मुंबईतील कुंभारवाड्याचे आज केवळ नाव उरले आहे. तेथील कुंभार १९३० च्या दशकात धारावीस गेले.

प्रत्येक वस्तूचा एकच नग आणावा, असे आमचे मत आहे. तोंबो पाहून आपला बुरूड तसाच दुसरा बनवून देईल. पोलादी पट्टीही पातळ पात्यापासून कापता येते. तासण्याच्या हत्याराची गोष्ट वेगळी. त्याचा आकार लोहार सहज उतरवील, परंतु पोलादाला पाणी नीट दिले गेले नाही तर धार आठवडाभरही टिकणार नाही. असे एखादे हत्यार मात्र दोन नग आणण्यास हरकत नाही.

सुया, सुऱ्या व टोकदार कोरण्या विमानात हातातील पिशवीत नेऊ देत नाहीत. त्या पुठ्ठ्यात गुंडाळून मोठ्या सामानात घालाव्यात आणि त्यांना चिकटलेली माती धुऊन टाकावी, कारण मातीच्या आयातीवर वनस्पती-संसर्गरोधाच्या नियमांचे निर्बंध आहेत. खरेदीची पावती जवळ असावी. आणि निरोप पाठविताना नुसते नाव न लिहिता, हव्या त्या हत्याराची मूळ मापाची आकृती कागदावर काढून, तिच्यावर धारेची बाजू बाणाने दाखवून द्यावी.