वाचकांचे प्रश्न : जुन्या कॉम्प्युटरवर पैसा घालावा का?

प्रश्न : मी इचलकरंजीत यंत्रमागवाल्यांची आणि छोट्या दुकानदारांची हिशेबाची, जीएसटी रिटर्नची कामं करतो. ऑफिसातला कॉम्प्युटर २०१३ चा आहे : इंटेल आय-५ (तिसरी पिढी), ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. आमचं जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर विंडोज ७ वरच चालतं आणि बऱ्याच पार्ट्यांच्या जुन्या वह्या त्यात अडकल्या आहेत. म्हणून व्हर्च्युअलबॉक्स ५.२ टाकून आत ३२-बिट विंडोज ७ बसवलं, त्याला ३ जीबी रॅम दिली. हल्ली ते नुसतं उघडायला दहा-बारा मिनिटं घेतं. सकाळी कॉम्प्युटर सुरू करताना ‘एफ-१ दाबा’ असं येतं आणि तारीख २०१३ ची दिसते, पण नेट लागलं की ती सुधारते. दुकानदार म्हणतो, भंगारात काढा, जीएसटी धरून ५९,००० रुपयांत नवा घ्या, टॅक्समध्ये सगळं वसूल होतं. बिल नको असेल तर ३,००० कमी. दुसरा एकजण ५०० जीबीची एसएसडी ४,२०० ला आणि वापरलेली ८ जीबी रॅम १,३०० ला देतो. माझी जीएसटी नोंदणी नाही. काय करू? आणि विंडोज ७ ची की आमच्या बंद पडलेल्या जुन्या कॉम्प्युटरच्या स्टिकरवरची आहे, ते चालतं ना?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : एफ-१ आणि २०१३ ची तारीख तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण माझ्या मते तुमच्या दुखण्याचं मूळ तिथंच असावं. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर-२०३२. तो संपला की वीज बंद होताच कॉम्प्युटर आपली बायॉसमधली सगळी सेटिंग्ज विसरतो. तारीख त्यातली एक. दुसरी म्हणजे व्हीटी-एक्स, इंटेल प्रोसेसरची ती सोय जिच्यामुळे आतलं विंडोज थेट प्रोसेसरवर धावतं. तुमच्या कॉम्प्युटरच्या वयाच्या बऱ्याच बोर्डांवर ती मूळ स्थितीत बंदच असते. कोणीतरी पूर्वी ती सुरू करून दिली असेल, सेल गेला आणि ती पुन्हा बंद झाली.

आता यात व्हर्च्युअलबॉक्स ५.२ ची गंमत अशी की व्हीटी-एक्स नसलं तरी ३२-बिट विंडोज ते एका कोअरवर कसंबसं चालवून दाखवतं. तक्रार करत नाही, फक्त रांगतं. ६.१ पासून ही पळवाट काढून टाकली आहे. व्हीटी-एक्स नसेल तर मशीन उघडतच नाही. म्हणजे नवी आवृत्ती असती तर तुम्हाला दोष पहिल्याच दिवशी कळला असता.

तपासायला पैसे लागत नाहीत. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू. खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ समोर ‘डिसेबल्ड’ दिसलं तर सेल बदला, बायॉसमध्ये जाऊन ते सुरू करा. तिथं तारीखही एकदा बसवा. कॅबिनेट उघडलंच आहे तर प्रोसेसरवरचा पंखा साफ करून घ्या. तुमच्या गावात मागांवरच्या सुताचे तंतू घरात शिरतात ते पंख्यातही शिरतात, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग उतरवतो.

मग व्हर्च्युअलबॉक्सची ७ ची आवृत्ती घाला. आधी आतलं मशीन नीट बंद करा, त्याचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा. आवृत्ती बदलल्यावर आतल्या विंडोजमध्ये ‘गेस्ट ॲडिशन्स’ पुन्हा बसवा. माउस आणि पडदा अडखळतो तो बहुतेकदा त्यांच्या अभावी. कोअर दोन द्या. चारच्या चार देऊ नका, बाहेरच्या विंडोजलाही जगायचं आहे. रॅम ३ वरून २ जीबी करा. हे उलटं वाटेल, पण तुमच्या त्या जुन्या सॉफ्टवेअरला २ पुरे आहे, आणि बाहेर ब्राउझरमध्ये जीएसटी पोर्टल उघडं असताना ८ जीबी संपली की विंडोज हार्ड डिस्कलाच रॅम समजून वापरू लागतं. तिथून पुढे सगळंच गोठतं. जुने स्नॅपशॉट (मशीनच्या मागच्या स्थितीच्या जपलेल्या नोंदी) साठले असतील तर तेही काढा. साखळी लांबली की प्रत्येक वाचन फायलीफायलींतून फिरतं. खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं, तर हायपर-व्ही ही विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीन चालवणारी यंत्रणा मधे आली आहे असं समजा. ‘कोअर आयसोलेशन’मधली मेमरी इंटिग्रिटी किंवा विंडोज फीचर्समधलं हायपर-व्ही बंद केलं की ते बहुधा जातं. मात्र मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय आहे, वेग पुरेसा असेल तर कासवाला राहू द्या.

एवढं करून इंटरनेटवर कोणी सांगितलं म्हणून ‘एक्स्टेन्शन पॅक’ मात्र घालू नका. व्हर्च्युअलबॉक्सचं मूळ पॅकेज मुक्त परवान्याचं आहे, धंद्यात खुशाल वापरा. एक्स्टेन्शन पॅकचा परवाना वेगळा : वैयक्तिक, शैक्षणिक आणि चाचणीपुरता फुकट, व्यवसायासाठी ओरॅकलकडून विकत. तुमच्यासारखे लोक तो डिजिटल सिग्नेचरच्या यूएसबी टोकनसाठी घालायचे, कारण पूर्वी यूएसबी २ आणि ३ त्यातच होतं. ७.० पासून ते मूळ पॅकेजमध्ये आलं आहे. त्यामुळे आधीचा पॅक असेल तर काढून टाका.

आता खर्च. दोनपैकी एसएसडी आधी घ्या. साधी डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे मारते, म्हणजे अर्ध्या फेऱ्याला सुमारे ४ मिलिसेकंद, हात हलायला आणखी ८-९. सेकंदाला विखुरलेली जेमतेम ७५-८० वाचनं होतात. त्याच हातावर तुम्ही दोन विंडोज लादली आहेत. एसएसडी अशी वाचनं हजारोंनी करते. तुमचा बोर्ड एच-६१ चा असला तर साटा जोडणी जुन्या, निम्म्या वेगाची असेल. दुकानदार त्यावरून तुम्हाला परावृत्त करेल. पण तो निम्मा वेग मोठ्या फायली सलग हलवताना जाणवतो, इथं नाही. महत्त्वाचं म्हणजे ही एसएसडी उद्याच्या नव्या मशीनमध्येही लागेल. डीडीआर-३ रॅम लागणार नाही. तो १,३०० चा खर्च याच डब्याबरोबर संपतो, म्हणून आधी एसएसडीवर आठवडाभर काम करून पाहा. गरज उरली तरच रॅम घ्या. प्रोसेसर बदलण्याच्या भानगडीत तर पडूच नका.

‘टॅक्समध्ये वसूल’ हे वाक्य मी इतक्या दुकानांत ऐकलं आहे की त्याचा हिशेब इथं मांडतोच. तुमची नोंदणी नसल्यानं जीएसटीचं क्रेडिट नाही, म्हणून ५९,००० ही पूर्ण किंमत धरू. कॉम्प्युटरवर घसारा ४० टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी २३,६००. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा, ११,८००. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर २३,६०० वर वाचणारा कर सेससह ४,९०९ रुपये. पुढची वर्षं आकडा घटत जातो. वसूल होतो तो खर्चाचा पाचवा हिस्सा, तोही हप्त्याहप्त्यानं. आणि तुम्ही अनुमानित पद्धतीनं रिटर्न भरत असाल (१९६१ च्या कायद्यातलं ४४-एडीए, १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात कलमाचा क्रमांक बदलला आहे), तर जमेच्या ५० टक्के नफा गृहीत धरतात आणि घसारा उरलेल्या ५० टक्क्यांत धरलेलाच असतो. वेगळं काहीच मिळत नाही.

बिनबिलाचे ३,००० विसरा. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही आणि खर्चाला पुरावा नाही. बिल घेतलं तरी एका दिवसात एकाच माणसाला १०,००० च्या वर रोख दिलीत, तर ती रक्कम घसाऱ्यासाठीच्या किमतीत धरली जात नाही. तुम्ही हे पार्ट्यांना सांगत असालच.

स्टिकरची की चालत नाही. तो ओईएम परवाना, ज्या डब्यावर चिकटला त्या डब्याबरोबरच जन्मला आणि त्याच्याबरोबरच गेला. व्हर्च्युअल मशीनही परवान्याच्या दृष्टीनं एक स्वतंत्र कॉम्प्युटर असतो. खोका घेऊन विकत आणलेली रिटेल प्रत एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर नेता येते, तशी एखादी पार्टीकडे किंवा तुमच्याकडे पडून असेल तर शोधा. ऑनलाइन मिळणाऱ्या चारपाचशेच्या की बहुधा अशाच कुठल्यातरी डब्यावरून उतरवलेल्या असतात. क्रॅक केलेली प्रत तर त्याहून वाईट : कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-बी मध्ये जाणूनबुजून अशी प्रत वापरल्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख दंड आहे. कैद माफ करण्याची मुभा न्यायालयाला आहे, पण ती नफ्यासाठी किंवा धंद्यात वापर नसेल तरच. तुमचा वापर धंद्यातलाच आहे.

म्हणूनच विचारतो, त्या विंडोज ७ ची गरज किती दिवसांची आहे? तुम्ही त्यात नव्या नोंदी करत नाही, जुनं पाहता. जीएसटी कायद्यानं हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायचे. अपील किंवा चौकशी चालू असेल तर निकालानंतर एक वर्ष, यातलं जे उशिराचं ते. जबाबदारी पार्टीची, पण ती विचारायला तुमच्याकडेच येणार. तर दोन-चार रविवार घालवून प्रत्येक पार्टीच्या खातेवह्या, रोजमेळ, ताळेबंद पीडीएफ आणि एक्सेलमध्ये काढा, दोन ठिकाणी ठेवा. पार्टीला एक प्रत देऊन पोच घ्या. त्यानंतर व्हर्च्युअल मशीन काढून टाका, परवान्याचा प्रश्नही त्याच्याबरोबर संपेल. तोवर त्याचं नेटवर्क कार्ड सेटिंगमधून बंद ठेवा; विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबले आहेत.

नवा कॉम्प्युटर तुम्हाला लागणार आहे, पण कारण वेगळं. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती ग्राहकांसाठीची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच होती, आणि तिसऱ्या पिढीचा आय-५ विंडोज ११ च्या यादीत नाही. पार्ट्यांचे पासवर्ड आणि डिजिटल सिग्नेचर असलेलं मशीन फार काळ असं ठेवू नये. पण ही खरेदी सावकाश, दोन-तीन कोटेशन घेऊन करा. आर्थिक वर्षाच्या पहिल्या सहामाहीत केलीत तर घसाराही पूर्ण मिळेल.

प्रश्न : मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. घरच्या जुन्या डेस्कटॉपवर (८ जीबी रॅम, एसएसडी आहे) त्याला उबुंटूची दोन व्हर्च्युअल मशीन लागतात, ती फार हळू चालतात म्हणतो. ७२,००० चा गेमिंग लॅपटॉप १२ महिन्यांच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर घ्यावा म्हणतो. खरंच काही खर्च नसतो का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : व्याज असतंच. बँका शून्य टक्के व्याज दाखवतात त्यात व्याज दुसऱ्या रूपात लपलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच सांगितलं होतं. आता पद्धत अशी की व्याजाएवढी सूट आधी किमतीतून कापतात आणि बँक हप्त्यांतून ते व्याज घेते. क्रेडिट कार्डावर असेल तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुम्हाला लागतो : व्याज ५,००० असेल तर ९००. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी वेगळा. दुकानदाराला एवढंच विचारा, आज एकरकमी दिले तर किती? दोन आकड्यांतला फरक हीच त्या ईएमआयची किंमत.

त्याआधी चिरंजीवांना सांगा, दोन्ही मशीनवर उबुंटू डेस्कटॉपऐवजी उबुंटू सर्व्हर टाकून पाहा. पडदा काळा दिसेल, पण अभ्यासक्रमातलं नेटवर्किंग आणि सर्व्हरचं काम बहुतेक तिथूनच होतं, आणि प्रत्येकी १ जीबी रॅममध्ये दोन्ही चालतात. विद्यार्थ्याला एक्स्टेन्शन पॅकही फुकट वापरता येतो, वर इचलकरंजीच्या वाचकांना घातलेली बंदी त्याला नाही. हे करूनही भागत नसेल तर लॅपटॉप घ्या, पण १६ जीबी रॅम पाहून घ्या, ग्राफिक्स कार्ड पाहून नव्हे. व्हर्च्युअल मशीनला त्या कार्डाचा फायदा जवळजवळ नसतो. गेमला असतो, ते तो तुम्हाला सांगणार नाही.